पर्सी स्कॉट: डुलत्या जहाजावरून नेम कसा साधला?

नमस्कार मंडळी. भूमध्य समुद्र, 1899. 'स्किला' या ब्रिटिश क्रूझरने, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकेने, वार्षिक नेमबाजीत 4.7 इंची तोफांतून 70 गोळे झाडले आणि त्यातले 56 लागले. म्हणजे ऐंशी टक्के! नौदलात तेव्हा साधारण तीनात एक गोळा लागला तरी चालून जायचं.

या क्रूझरचा कॅप्टन होता पर्सी स्कॉट. 1866 साली तेराव्या वर्षी नौदलात शिरलेला, हुशार, हाताने यंत्रं जुळवणारा, आणि जिभेवर अजिबात ताबा नसलेला माणूस. तोफा त्याच, दारूगोळा तोच, मग एवढा फरक कुठून आला?

[फळ्यावर जहाजाची बाजूने आकृती]

जहाज डुलतं, तसं तोफेचं तोंड वर-खाली होतं. जुन्या पद्धतीत तोफची अंतराप्रमाणे नेम लावून थांबायचा आणि निशाण दुर्बिणीत आलं की चाप ओढायचा. गडबड इथेच होती. डोळ्याने पाहिलं, बोटाने ओढलं, दारू पेटली, गोळा नळीतून सुटला, आणि एवढ्या वेळात तोंड पुढे निघून गेलेलं. म्हणून निशाण यायच्या जरा आधीच, अंदाजाने ओढायचं. समुद्र खवळला की तो अंदाज कोलमडायचा.

1898 मध्ये सराव बघताना स्कॉटच्या लक्षात आलं की एका तोफचीचे गोळे इतरांपेक्षा बरे पडतायत. तो थांबतच नव्हता. जहाज खाली गेलं की चाक फिरवून तोफ वर, जहाज वर आलं की तोफ खाली. निशाण सतत दुर्बिणीतल्या नेमाच्या तारेवर. चाप कधीही ओढा, नेम तिथेच.

बाकीच्यांना ते का जमेना? कारण यंत्रच आड येत होतं. चाकाचे दाते असे होते की भरपूर फिरवलं तरी तोफ जेमतेम हलायची, म्हणून स्कॉटने ते गुणोत्तर बदललं. दुर्बीण कमकुवत होती, तिच्यातल्या तारा जाड होत्या आणि निशाणच झाकायच्या. त्याने बारीक तारांची चांगली दुर्बीण बसवली. तोफ मागे उसळली तरी दुर्बीण जागेवर राहील अशी बैठक केली. नाहीतर डोळा फुटायच्या भीतीने माणूस ऐन वेळी मान मागे घेणारच!

मग सराव. त्याचं 'डॉटर' नावाचं यंत्र मला सगळ्यात आवडतं. तोफेसमोर एक चौकट, चौकटीत कागदावर छोटं निशाण. एक जण दांडा फिरवतो, कागद हेलकाव्यासारखा वर-खाली होतो आणि हळूहळू बाजूलाही सरकतो. तोफची चाकाने त्याच्या मागे राहतो. चाप ओढला की विजेवर चालणारी पेन्सिल कागदावर टिंब उमटवते. एक गोळाही न उडवता कोणाचा हात कुठे चुकतो ते सगळ्यांसमोर! गोळा भरायच्या सरावालाही वेगळं यंत्र होतं, कारण नेम पक्का आणि भरणी सुस्त असली तर उपयोग काय?

पुढचं जहाज 'टेरिबल'. ते आधी दक्षिण आफ्रिकेत पोचलं. बोअर युद्धात सैन्याकडे लांब पल्ल्याच्या तोफा नव्हत्या. स्कॉटने 14 फूट लांब, 12 इंच जाड अशा चार लाकडी तुळया फुलीसारख्या बोल्टने जोडून त्यावर जहाजाची 4.7 इंची तोफ बसवली. तिथल्या लेडीस्मिथ गावाच्या वेढ्यात अशा दोन तोफा होत्या. तिथून तो चीनच्या किनाऱ्यावर गेला. 1900 मध्ये टेरिबलच्या सहा इंची तोफांनी 104 पैकी 80 गोळे लावले. तिथेच अमेरिकन नौदलातल्या विल्यम सिम्सने ही पद्धत उचलली. वरिष्ठांनी दाद दिली नाही, तेव्हा त्याने थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं.

1905 साली स्कॉट नेमबाजी-तपासणीचा प्रमुख झाला. आणि 1907 मध्ये रंगाचं प्रकरण घडलं. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, येणार म्हणून ताफ्याचा प्रमुख बेरेसफोर्डने ताफा रंगवून ठेवायचा हुकूम काढला, पण स्कॉटच्या तुकडीतलं 'रॉक्सबर्ग' हे जहाज नेमबाजीचा सराव करत होतं. स्कॉटने त्या जहाजाला संदेश पाठवला, नेमबाजीपेक्षा रंगाला मागणी जास्त दिसतेय, तेव्हा या आणि नटून बसा. बेरेसफोर्डने त्याची चारचौघांत हजेरी घेतली. मुद्दा स्कॉटचाच बरोबर होता, पण वरिष्ठाला असा टोमणा मारलात तर पुढचं सरळच आहे.

आता खरी अडचण. दोन-तीन हजार यार्डांवर ही पद्धत उत्तम. अंतर वाढलं की अवजड 12 इंची तोफ हेलकाव्याइतकी चपळ हलत नाही. वर धूर आणि पाण्याचे फवारे. प्रत्येक टरेट (तोफांचा फिरता चिलखती बुरूज) आपापल्या वेळी गोळा सोडणार, मग कुठला गोळा कोणाचा, कसं ओळखायचं?

स्कॉटचं उत्तर होतं 'डायरेक्टर'. डोलकाठीवर धुराच्या वर एकच दुर्बीण ठेवायची. तिची दिशा आणि उंची विजेच्या तारांतून प्रत्येक टरेटमधल्या काट्यावर जाते. टरेटमधल्या माणसाने बाहेर बघायचंच नाही, आपला काटा त्या काट्यावर आणून ठेवायचा. वरचा माणूस निशाण तारेवर आलं की कळ दाबतो आणि सगळ्या तोफा एकदम उडतात.

ऐकायला सोपं, जुळवणी डोकेदुखी. टरेट ज्या रुळावर फिरतो तो जरा जरी कलता असेल तर प्रत्येक दिशेला वेगळी चूक येते, म्हणून ती आधी मोजून वजा करावी लागते. आणि टप्प्याटप्प्याने सरकणारा काटा एकदा पायरी चुकला की पुन्हा जुळवेपर्यंत तो टरेट वाया.

13 नोव्हेंबर 1912, दोन युद्धनौकांची तुलना. 'थंडरर'वर डायरेक्टर, 'ओरायन'वर जुनी पद्धत. अंतर 9,000 यार्ड, वेग 12 नॉट. थंडररचे फटके सुमारे सहापट! तरी ऑगस्ट 1914 मध्ये हे यंत्र फक्त आठ युद्धनौकांवर बसलेलं होतं.

आणि त्याच वर्षी जूनमध्ये, आयुष्यभर तोफा सुधारलेल्या या माणसाने 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून सांगितलं की पाणबुड्या आल्या, आता मोठ्या युद्धनौका बांधणं थांबवा. भरपूर टिंगल झाली. 22 सप्टेंबरला एकाच जर्मन पाणबुडीने सुमारे दीड तासात तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या.