दोन काचांमधलं लाल झाड

हे जे लाल झाड वाढताना दिसतंय ना, ते ॲनिमेशन नाहीये. दोन काचा, मध्ये मिलिमीटरपेक्षा कमी फट, फटीत केसांना लावायचं जेल, आणि वरच्या काचेच्या भोकातून सिरिंजने सोडलेलं रंगीत पाणी, बास एवढंच.

आधी ग्लिसरीनवाली क्लिप बघू. यात पाण्याऐवजी हवा सोडलीय. सुरुवातीला मस्त गोल बुडबुडा, आता कडेला बघा, एक बारीक फुगवटा आलाय. पातळ गोष्ट घट्ट गोष्टीला ढकलत असली की जो भाग चुकून जरा पुढे जातो त्याच्यासमोर ढकलायला घट्ट माल कमी उरतो, मग तो अजून जोरात पळतो आणि शेजारचे मागे पडतात. सरफेस टेन्शन सगळं गोल ठेवायला बघतं, म्हणून फुगवट्यांची ही जी बोटं झालीत ती जाड, गुळगुळीत. बोट फार रुंद झालं की टोक फाटून दोन, ते बघा.

हीच गोष्ट साखरेच्या धंद्यातही दिसायची. साखर रिफाइन करताना हाडांच्या कोळशातून पाक जायचा, मागून पाणी सोडलं की ते पाकाला सरळ न ढकलता मधूनच वाटा काढायचं. हिल नावाच्या संशोधकाने १९५२ मध्ये त्यावर लिहिलं, १९५८ मध्ये सॅफमन आणि टेलरने गणित मांडलं. आणि ही काचांची जोडी त्याहून जुनी, हेल-शॉ नावाच्या इंजिनिअरची, १८९८ च्या आसपासची. कोट्यवधींच्या मशीनशिवाय सायन्स होत नाही म्हणणाऱ्यांनी हा शॉट परत बघा.

आता जेल. ते पडून असलं की घट्ट, ढकललं की पातळ. म्हणजे बोटाच्या टोकाशी, जिथे ढकलाढकली जास्त, तिथेच ते पातळ होतं आणि टोकाला आयती वाट मिळते, म्हणून एवढ्या बारीक फांद्या.

आणि ही बेंटोनाइट, म्हणजे एक प्रकारची चिकणमाती, चांगली घट्ट कालवलेली. इथे पाणी वाहत नाहीये, माती चिरत चाललंय! तडे बघा, सरळ आणि टोकदार.

एक फांदी कडेला पोचली की खेळ संपला, पुढचं सगळं पाणी त्याच वाटेने बाहेर. तेल बाहेर ढकलायला खडकात पाणी सोडतात तिथेही हेच होतं, पाणी पुढे निघून येतं आणि तेल खडकातच राहतं, म्हणून राजस्थानात बाडमेरच्या मंगला तेलक्षेत्रात पाण्यात पॉलिमर घालून ते घट्ट करतात. तिथलं फुटेज काही आपल्याकडे नाही.