मोठ्या चाकांचा हिशेब

[दृश्य : पहाट. रिकामा डांबरी रस्ता. गाडी अजून दिसत नाही.]

आधी आवाज येतो, गाडी नंतर. जाड खोबणींची चाकं मातीतून डांबरावर आली की घुमायला लागतात. मधमाश्यांच्या पोळ्याजवळ कान नेल्यावर येतो तसला एकसुरी आवाज. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोला. पण टायरचा प्रत्येक ठोकळा रस्त्यावर दाबला जातो, सुटतो, पुन्हा दाबला जातो आणि त्यात गरम होतो. ती उष्णता टाकीतूनच आलेली असते.

[दृश्य : गाडी समोर येते.]

ही सुझुकी सामुराई. बऱ्याच ठिकाणी हिला एसजे ४१३ म्हणतात. इंजिन १.३ लिटरचं, चार सिलिंडरचं, कार्बोरेटरवालं. ताकद साधारण ६३ अश्वशक्ती. कारखान्यातून निघाली तेव्हा वजन एक टनाच्या आतच होतं. आता तिला उंच पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) आहेत, ते टांगणारे लांब शॅकल आहेत, पुढे लोखंडी बंपर आणि रुतलेली गाडी ओढून काढणारी विंच आहे, डोक्यावर कॅरिअर आहे. आणि मालकाची, म्हणजे माझी, एकच तक्रार आहे : गाडी पूर्वीसारखं ॲव्हरेज देत नाही.

या घराण्याची पहिली गाडी, एलजे १०, १९७० साली आली. इंजिन ३५९ सीसीचं, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं. एवढ्याशा इंजिनावर चार चाकं फिरवायची तर गाडी हलकी असणं भागच होतं. पुढे इंजिनं वाढली, पण हलकं अंग हेच या गाड्यांचं खरं भांडवल राहिलं. मोठ्या गाड्या पोटापर्यंत रुतायच्या तिथून या निघून जायच्या. आणि आम्ही हौशी लोक पहिलं काय करतो, तर त्या अंगावर लोखंड चढवतो.

[दृश्य : टायरच्या कडेवर छापलेले आकडे.]

सुरुवात इंजिनापासून करायची नाही. बॉनेट बंदच राहू दे. खाली बसा आणि टायरवरचे आकडे वाचा.

मूळ टायर २०५/७० आर १५, व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. आता बसवलेला २३५/७५ आर १५, व्यास साधारण ७३४ मिलिमीटर. फरक जवळजवळ १० टक्क्यांचा. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी पूर्वीपेक्षा १० टक्के जास्त अंतर कापते आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो. या गाडीत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीतून, निघते. तिथला दांडा किती फिरला एवढंच तिला कळतं. शेवटाला कुठलं चाक लावलंय हे तिला कोण सांगणार?

आता हिशेब करू. मीटरवर ३५० किलोमीटर झाले, पेट्रोल लागलं ३५ लिटर. लिटरला १०. मालक कपाळाला हात लावतो. पण गाडी प्रत्यक्षात धावली ३८४ किलोमीटर. म्हणजे ॲव्हरेज ११ च्या आसपास. ‘टायर बदलल्यापासून गाडी पेट्रोल पिते’ या तक्रारीतला बराच भाग असा मीटरवरच विरघळतो. सगळा नाही, पण बराच.

याची दुसरी बाजू मात्र महागात पडणारी आहे. मीटरवर काटा ८० वर आहे, तेव्हा गाडी ८८ ने पळत असते. कारखान्याचा मीटर मुळात थोडा जास्त दाखवणारा असेल तर फरक कमी होईल, म्हणून एकदा फोनमधल्या जीपीएसशी ताडून बघायचं. लांब, सरळ रस्त्यावर ५० किलोमीटर जा, दोन्ही आकडे लिहा, एकाला दुसऱ्याने भागा. आलेला गुणक वहीच्या पहिल्या पानावर. त्याच्याशिवाय पुढची एकही नोंद विश्वासाची नाही.

टाकी मोजायची रीतही ठरलेली असावी. शक्यतो तोच पंप, गाडी तशीच सपाट उभी, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होते तिथेच थांबायचं. ‘अजून थोडं बसेल’ म्हणत गळ्यापर्यंत भरलं की पुढचा हिशेब बिघडला. आणि एका टाकीवरून निकाल द्यायचा नाही. वारा, चढ, गर्दी, थंडी, सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. निदान तीन टाक्या.

[दृश्य : गिअरच्या दांड्यावर हात. चढ सुरू होतो.]

चाक मोठं झालं की गिअरही बदलतात, पेटीला हात न लावता.

मूळ टायरवर पाचव्या गिअरमध्ये खऱ्या ८० च्या वेगाला हे इंजिन मिनिटाला साधारण २६५० फेरे घेतं. मोठ्या टायरवर तेच फेरे २४२० वर येतात. कागदावर हे छान दिसतं. फेरे कमी, घर्षण कमी, थ्रॉटल (हवेची झडप) जास्त उघडा म्हणून हवा ओढायला इंजिनाला कमी धडपड. सपाट रस्ता असेल, वारा नसेल, तर हे खरंही आहे.

मग चढ येतो. ६३ अश्वशक्तीचं इंजिन २४०० फेऱ्यांवर फार जोर देत नाही. पाय खाली जातो, कार्बोरेटर मिश्रण घट्ट करतो, म्हणजे हवेत पेट्रोल वाढवतो, तरी गाडी कुंथतेच. शेवटी चौथा टाकावा लागतो आणि फेरे एकदम ३०४० वर जातात. मूळ टायरवर हाच चढ पाचव्यात, २६५० वर निघाला असता. मोठ्या टायरच्या अनेक गाड्यांत पाचवा गिअर असा नुसता शोभेला उरतो. बचतीच्या गणितात धरलेला गिअर वापरलाच जात नाही.

याला जुन्या माणसांनी काढलेला उपाय फार सुंदर आहे. सामुराईच्या डिफमध्ये, म्हणजे ताकद दोन बाजूंच्या चाकांकडे वळवणाऱ्या ॲक्सलमधल्या पेटीत, क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीचं गुणोत्तर ३.७३ असतं. तिच्याच आधीच्या, एक लिटरवाल्या एसजे ४१० मध्ये ते ४.११ आहे. दोघांत फरक १० टक्क्यांचा, जवळजवळ तेवढाच जेवढा टायरमध्ये होता. ४.११ बसवलं की फेरे २६६० वर, म्हणजे होते तिथे परत. आणि मीटरची केबल डिफच्या अलीकडून निघत असल्यामुळे मीटरही आपोआप खरं बोलायला लागतो! एका कामात दोन दुखणी गेली.

पण दोन गोष्टी आधीच बघून ठेवा. ॲक्सलच्या स्प्लाइन (दांड्याच्या टोकावरचे दाते) जुळतात का ते तपासल्याशिवाय डिफ उचलून आणायचा नाही. जुन्या डिफची दात-संख्या वेगळी निघू शकते. आणि बदलायचं तर पुढचा-मागचा दोन्ही बदलायचे. एकच बदलला तर फोर-व्हीलचा दांडा ओढल्यावर पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरं, आणि मधली ट्रान्सफर केस भरडली जाईल.

हा खर्च सगळ्यांनी करावा असं मला वाटत नाही. ज्याचा पाचवा गिअर साध्या चढ-उतारावर टिकत नाही, त्याने करावा. सपाट मुलखात फिरणाऱ्याने टायर एक माप लहान घेतला तरी भागतं. हे कुणाला ऐकायला आवडत नाही, माहीत आहे.

[दृश्य : पुढच्या चाकाचा हब. बोटांनी खटका फिरतो.]

हा फ्री-व्हीलिंग हब. खटका मोकळा असला की पुढचं चाक एकटंच फिरतं. आतला दांडा, डिफ, प्रॉपेलर शाफ्ट सगळे शांत बसतात. लॉक असला की चाक या साऱ्या वरातीला सोबत घेऊन फिरतं, फोर-व्हील लावलेलं नसलं तरी. चिखलातून बाहेर आल्यावर हब उघडायला विसरणं हा आपला राष्ट्रीय... नको, जागतिक दोष म्हणू. वाचतं ते थोडंच, पण दहा सेकंदांच्या कामात वाचतं. फोर-व्हील लावून कोरड्या डांबरावर पळणं मात्र वेगळं. तिथे पुढच्या आणि मागच्या चाकांची ओढाताण टायर झिजवते आणि पेट्रोलही जाळते.

वाळूत उतरताना हवा १५ पौंडांवर आणलेली असते. परतताना ती अंदाजाने भरली जाते. नरम टायर दर फेऱ्याला दबतो, तापतो, गाडीला मागे ओढतो. उलट टायरच्या कडेवर छापलेला कमाल आकडा गाठायचीही गरज नाही. तो टायर याहून कितीतरी जड गाडीसाठी बनलेला असतो. साधी परीक्षा खडूची. टायरच्या रुंदीवर आडवी जाड रेघ ओढा, सरळ रस्त्यावर थोडं अंतर चालवा आणि उतरून बघा. रेघ मधूनच पुसली गेली तर हवा जास्त, कडांनाच पुसली तर कमी, सगळीकडे सारखी गेली की बरोबर.

हे करताना खाली बसलाच आहात तर चाकाच्या मध्यावर हात न्या, पण आधी लांबून. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंग गच्च आवळलंय. पाण्या-चिखलातून जाणाऱ्या गाड्यांत हे फार होतं. आणि पुढची दोन चाकं जोडणाऱ्या टाय-रॉडकडे एकदा डोळा बारीक करून बघा. दगडावर आपटून तो किंचित वाकला की दोन्ही पुढची चाकं वेगवेगळ्या दिशेला तोंड करून पळतात. टायरवर हात फिरवला की एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागतं. अशी गाडी कार्बोरेटर कितीही साफ केला तरी सुधारणार नाही.

[दृश्य : गाडी बाजूने. वारा.]

आता हवा. म्हणजे बाहेरची.

या गाडीचं तोंड भिंतीसारखं उभं. समोरचं क्षेत्र २.२ चौरस मीटर आणि विरोधाचा गुणांक ०.५ धरला, तर ८० च्या वेगाला हवा तिला साधारण ३२५ न्यूटनने मागे ढकलते. १०० ला हाच आकडा ५१० होतो. वेग पाव पटीने वाढला, विरोध दीडपटीहून जास्त. अकराशे किलोच्या अशा गाडीत खडबडीत टायरचा विरोध दोन्ही वेगांना सुमारे २१५ न्यूटन धरा. बेरीज केली तर १०० ला दर किलोमीटरमागे ८० पेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त काम करावं लागतं. कुठल्याही गॅरेजमध्ये याएवढी बचत विकत मिळत नाही, आणि ही तर पायाच्या अंगठ्यात आहे. मीटर कमी दाखवतोय हे लक्षात घ्या, म्हणजे ‘मी तर ८० नेच चालवतो’ म्हणणारे खरे किती धावतात ते कळेल.

गाडी उचलली की खालच्या दांड्या, पाटे, डिफ सगळे वाऱ्यात येतात. ती उंची कामाची असते, ठीक आहे. पण छतावरचं कॅरिअर? अमेरिकी सरकारच्या इंधन बचतीच्या माहितीत छतावरच्या मोठ्या बोथट पेटीमुळे ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला १० ते २५ टक्के नुकसान होतं असं दिलेलं आहे. रिकामं कॅरिअर एवढं खाणार नाही, पण ते रिकामं असताना काहीच कामही करत नाही. त्यावरचा जेरीकॅन, फावडं, दिव्यांची पट्टी, हे सगळं वर्षाचे किती दिवस लागतं हे ज्याने त्याने मोजावं.

[दृश्य : बॉनेट उघडतं.]

आता बघू इंजिन.

पहिला प्रश्न तापमानाचा. गाडी तापते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, काढून टाकलेला असणं फार साधारण गोष्ट आहे. मग इंजिन थंडच राहतं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, तेल दाट राहतं आणि इंजेक्शनवाल्या गाडीत संगणक समजतो की अजून सकाळच आहे, म्हणून जास्त पेट्रोल सोडत राहतो. काटा मधोमध यायला वीस मिनिटं लागत असतील तर बाकी काही शोधू नका. आधी थर्मोस्टॅट.

मग बाकीचे संशयित. कार्बोरेटरमध्ये अर्धवट अडकलेला चोक, वर चढलेली फ्लोटची पातळी, झिजलेला जेट. स्पार्क प्लग काढून बघा : काजळी धरली असेल तर मिश्रण घट्ट, फिकट तपकिरी असेल तर ठीक. इंजेक्शनवाल्या गाडीत म्हातारा झालेला ऑक्सिजन सेन्सर. वजनाने पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग हे गणित त्याच्याच भरवशावर चालतं. आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, तेही जागेवर हवं.

एअर फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं, हे अर्धं खरं. जुन्या कार्बोरेटरवर वाढू शकतं. इंजेक्शनच्या गाड्यांवर अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये चाचण्या केल्या. तुंबलेल्या फिल्टरने पिकअप कमी झाला, इंधनाच्या खपात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. इंधनाच्या नळीवर बांधायची चुंबकं आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांबद्दल मी बोलणार नाही.

चालवण्याबद्दल एकच. उतारावर न्यूट्रल करू नका. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिन पेट्रोल घेणंच थांबवतं. न्यूट्रलला मात्र ते चालू राहण्यापुरतं पीत राहतं. कार्बोरेटरमध्ये थोडंफार वाचत असेलही, पण उंच केलेली, जड चाकांची गाडी उतारावर नुसत्या ब्रेकवर सोडण्याइतकं काही ते नाही.

[दृश्य : संध्याकाळ. छतावर पाना घेऊन बसलेला माणूस.]

तर यादीत सगळ्यात स्वस्त काम कॅरिअर काढण्याचं होतं. चार बोल्ट. दोन आले. तिसरा गंजलेला, पण हलला. चौथ्याचं डोकं गोल झालं. त्यावर तेल मारून ठेवलंय, सकाळी पुन्हा बघू.