कॅमेरा अडून बसला तर

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नसराई ऐन भरात आहे, शाळांना सुट्ट्या लागल्यात आणि सीताबर्डीवरच्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर कॅमेऱ्यांची रांग लागली आहे. येणारा जवळपास प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: "काका, कालपर्यंत मस्त चालत होता, आज सुरूच नाही होऊन राहिला." यातले बरेच कॅमेरे मी एकही स्क्रू न काढता परत देतो. तेव्हा टेबलावर मी काय करतो ते आज तुम्हाला सांगून टाकतो. धंदा थोडा कमी होईल, होऊ द्या.

डिजिटल कॅमेरा म्हणजे भिंग लावलेला छोटा संगणक. तुम्ही बटण दाबलं की क्षणभरात तो स्वतःचीच तपासणी करतो. बॅटरीत पुरेसा जोर आहे का, तिचं झाकण लागलंय का, कार्ड वाचता येतंय का, लेन्स उत्तर देते का. एका जरी प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तरी तो पुढे सरकत नाही. म्हणजे तो मेलेला नसतो, अडून बसलेला असतो. कशावरून अडलाय ते शोधायचं, आणि शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बॅटरी, कार्ड, लेन्स सगळं एकदम बदललं आणि तो सुरू झाला, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही आणि आठवड्याने तोच प्रकार पुन्हा होतो.

दुसरं म्हणजे, स्क्रीनवर जे लिहून येतं ते त्या यंत्राला वाटलेलं असतं. आठवतं ना, मे २०२४ मध्ये आपल्या नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं? देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने सांगितलं की तिथला सेन्सरच बिघडला होता. कॅमेराही "बॅटरी संपली" असं छातीठोकपणे सांगतो, आणि बॅटरी भरलेली असते.

म्हणून सुरुवात बॅटरीपासूनच करू. बाहेर काढा आणि तिचे सोनेरी किंवा पितळी टर्मिनल उजेडात नीट बघा. बोटांच्या तेलाचा थर, काळे डाग, हिरवट गंज, काहीही असू शकतं. पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा, रबराचा चुरा फुंकरीने न उडवता ब्लोअरने, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याने, उडवा. फुंकरीत थुंकी जाते. कॅमेऱ्याच्या आतल्या पट्ट्यांसाठी कानाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, काडी ओली नको, नुसती दमट. बॅटरीला दोनच्या जागी तीन-चार टर्मिनल का असतात, असं लोक विचारतात. त्यातलं एखादं बॅटरीच्या तापमानाची खबर कॅमेऱ्याला किंवा चार्जरला देत असतं. ते एक मळलं, तरी बॅटरीवरचा विश्वास उडतो.

घरात मल्टिमीटर असेल तर लावून बघा. ७.२ व्होल्ट छापलेली बॅटरी पूर्ण भरल्यावर साधारण ८.४ व्होल्ट दाखवते. ६ च्याही खाली गेली असेल तर ती बहुधा वर्षानुवर्षं रिकामी पडून होती. पुष्कळ चार्जर तिला घेतच नाहीत, दिवा भराभर लुकलुकतो. त्या लुकलुकण्याचा अर्थ "भरतोय" असा नसतो, "नाही भरत" असा असतो. बॅटरी फुगलेली दिसली, काढताना खोबणीत अडकायला लागली, तर तिला चार्जही करू नका आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. लिथियम आहे ते, पेट घेतं.

सध्या एक नवीनच टूम निघाली आहे. धरमपेठेतली, प्रतापनगरातली कॉलेजची पोरं वडिलांचे वीस वर्षांपूर्वीचे छोटे कॅमेरे कपाटातून काढून आणतात. त्या फोटोंचा रंग म्हणे वेगळा येतो. मला आनंदच आहे, ते कॅमेरे मीच कधीकाळी दुरुस्त केलेले असतात. पण त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत पेन्सिल सेल लागतात, आणि पोरं भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून घालतात. घड्याळाला लागते चिमूटभर वीज. कॅमेऱ्याची मोटर लेन्स बाहेर ढकलताना एका झटक्यात भरपूर वीज ओढते, आणि साधा स्वस्त सेल तिथेच मान टाकतो. लेन्स अर्धी बाहेर, स्क्रीन काळी. पोरगी रडकुंडीला येते. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घाला, २००० एमएएचच्या आसपासचे. त्यांच्यावर १.५ च्या जागी १.२ व्होल्ट छापलेलं बघून घाबरू नका. ते जोर लागेल तेव्हा टिकून राहतात, आणि कॅमेऱ्याला तेच हवं असतं.

अशा जुन्या कॅमेऱ्यात तारीख रोज पुसली जात असेल तर आतली छोटी बॅटरी उतरलेली असते. काही मॉडेलांत ती नाण्यासारखी, बदलता येणारी असते. काहींत आतच बसवलेली, आणि मोठी भरलेली बॅटरी दोन-तीन दिवस कॅमेऱ्यात ठेवली की तिच्यावरून भरते. यासाठी कुणी दुरुस्तीचे पैसे मागितले तर आधी हा उपाय करून बघा.

आता बॅटरीचं झाकण. त्याच्या कडेला प्लॅस्टिकचं इवलंसं टोक असतं. झाकण लागलं की ते टोक आतला बारीक स्विच दाबतं. टोक तुटलं की झाकण तुम्हाला बंद दिसतं आणि कॅमेऱ्याला उघडं. बॅटरी नवी, चार्जर नवा, तरी कॅमेरा थंडगार. झाकण बोटाने घट्ट दाबून धरा आणि सुरू करा. सुरू झाला तर रोग सापडला. कार्डाच्या दारालाही काही कॅमेऱ्यांत असाच स्विच असतो.

कार्डाचं म्हणाल तर, एसडी कार्डाच्या डाव्या कडेला छोटी सरकपट्टी असते. ती खाली सरकली की कार्ड लॉक, फोटो निघत नाही. कार्ड घालता-काढता ती आपोआप सरकते, आणि माणूस कॅमेऱ्याला दोष देतो. जुन्या कॅमेऱ्यांचं दुखणं निराळं. मोठ्या कार्डांची एसडीएचसी ही जात २००६ मध्ये आली, ३२ जीबीपर्यंतची. त्यापुढची एसडीएक्ससी २००९ मध्ये. २००५ च्या कॅमेऱ्याला २ जीबीच्या पलीकडचं जगच ठाऊक नाही. त्याच्यात ६४ जीबीचं कार्ड घातलं तर तो "कार्ड एरर" म्हणणारच. बाजारात छोटं जुनं कार्ड शोधा, मिळतं. कार्ड काढून कॅमेरा सुरू होत असेल, तर दोष कार्डात किंवा त्याच्या खाचेत आहे, इतकं पक्कं समजा.

लेन्स बदलता येणारा कॅमेरा असेल तर लेन्स काढून सुरू करा. लेन्सशिवाय नीट चालला, तर लेन्सच्या मागचे सोनेरी ठिपके पुसा आणि परत लावा. कॅननवर "एरर ०१" येतो तो बहुतेक या संपर्काचाच. निकॉनवर "एफ-ई-ई" अशी अक्षरं लुकलुकली तर बिघाड अजिबात नाही. जुन्या लेन्सवर ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची, कडी असते. ती सर्वांत मोठ्या आकड्यावर, २२ वगैरे, नेऊन लॉक करा. एवढंच. त्या तीन अक्षरांपायी लोक पार हैदराबादला कॅमेरे पाठवून आलेले मी बघितले आहेत.

छोट्या कॅमेऱ्याची लेन्स बाहेर येऊन तिथेच अडकली असेल तर ओढू नका, ढकलू नका. आत प्लॅस्टिकचे दाते असतात, ते तुटले की काम वाढलं. बहुतेक वेळा कडेच्या फटीत धुळीचा किंवा वाळूचा एखादा कण असतो. ताडोब्याच्या उघड्या जिप्सीतून परत आलेल्या कॅमेऱ्यांत हे हमखास. लेन्स जमिनीकडे करा, फटीभोवती ब्लोअर फिरवा, आणि तसाच तोंड खाली ठेवून सुरू-बंद करा. कण पडला तर पडला.

कधी कॅमेरा सुरू असतो आणि आपल्यालाच तो बंद वाटतो. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात डोळा लावायच्या जागेजवळ एक सेन्सर असतो. त्याच्यावर धूळ बसली किंवा गळ्यातला पट्टा आला, की कॅमेऱ्याला वाटतं तुम्ही डोळा लावलाय, आणि मागची स्क्रीन काळी होते. पुसा, काम झालं. क्लिक होत नसेल तर लेन्सवरचा स्विच मॅन्युअल फोकसवर टाकून बघा. क्लिक झालं तर कॅमेरा ठीक आहे, त्याला फोकस मिळत नव्हता.

फोटो काळे किंवा जांभळ्या रेघांचे येत असतील तर आधीचे फोटो स्क्रीनवर उघडा. जुने स्वच्छ दिसतात आणि नवेच बिघडलेत, तर दोष शटरमध्ये, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या पडद्यात, किंवा चित्र टिपणाऱ्या सेन्सरमध्ये. जुनेही खराब दिसतात, तर कार्ड संगणकात लावून बघा. तिथे चांगले दिसले की दोष फक्त स्क्रीनचा. सेन्सरवरून २००५ ची गोष्ट सांगतो. सोनीने बनवलेले सीसीडी सेन्सर कितीतरी कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसले होते. उष्ण आणि दमट हवेत त्यांच्या आतल्या बारीक तारांचे जोड सुटायचे, चित्र फाटायचं किंवा नाहीसं व्हायचं. कॅनन, निकॉन, फुजीफिल्म अशा कंपन्यांनी त्या वेळी ते फुकट बदलून दिले. ती सवलत केव्हाच संपली. २००३-०४ च्या सुमाराचा कॅमेरा आज जांभळा फोटो देत असेल, तर त्यावर पैसे घालू नका.

उष्णतेचं निघालंच आहे तर आपल्या नागपूरबद्दल बोलू. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापरायचं तापमान शून्य ते ४० अंश असं छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ ला टेकतो. म्हणजे भर दुपारच्या वरातीत तुमचा कॅमेरा कंपनीने आखलेल्या हद्दीबाहेर काम करत असतो. त्यात फोर-के व्हिडिओ लावला की तो तापून स्वतःच बंद होतो. तो बिघाड नाही, शहाणपणा आहे. बॅटरी काढा, झाकण उघडं ठेवा, सावलीत ठेवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. कुठल्याही कारणाने गोठलेल्या, म्हणजे एकाही बटणाला दाद न देणाऱ्या, कॅमेऱ्याला हाच पहिला उपाय, कारण तेवढ्या वेळात आतली साठलेली वीज उतरते आणि त्याची तपासणी पहिल्यापासून सुरू होते. उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र तो कधीच ठेवू नका.

फ्रिजमध्ये ठेवू नका. हसू नका, ठेवतात लोक. आणि कूलरसमोरही धरू नका. आपल्या खिडकीतला कूलर गार हवेसोबत पाण्याचे तुषारही फेकतो. त्याच खोलीच्या उघड्या कपाटात कॅमेरा महिनोन्‌महिने राहिला, की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. बाहेर सगळं रखरखीत आणि भिंगाला बुरशी, हे नवख्याला पटत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या ओलावल्या की बदला. एसीतून एकदम बाहेर काढल्यावर भिंगावर दव धरायची भीती आपल्या कोरड्या उन्हाळ्यात फारशी नाही. ती जुलै-ऑगस्टची. पोळ्याच्या पाडव्याला मारबतीची मिरवणूक टिपायला जाल, तेव्हा एसी गाडीतून उतरायच्या आधी कॅमेरा बंद पिशवीतच ठेवा, बाहेरच्या हवेइतका कोमट होऊ द्या, मग उघडा.

पाण्यात पडला तर बॅटरी आणि कार्ड ताबडतोब काढा. सुरू होतो का ते बघायचा मोह आवरा. बहुतेक कॅमेरे पाण्याने जात नाहीत, ओले असताना वीज दिल्याने जातात. तांदळात पुरणं बंद करा. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, त्याची भुकटी आणि कणी मात्र फटींत शिरते आणि मला चिमट्याने उकरावी लागते. लवकरात लवकर दुरुस्तीला आणा आणि पाण्यात पडला होता हे सरळ सांगा. लपवलं तरी उघडल्यावर गंज दिसतोच.

इथवर करूनही अडलेलाच असेल, तर घरी स्क्रू काढू नका. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात एक कपॅसिटर असतो, त्यात ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठते आणि बॅटरी काढल्यावरही बराच वेळ राहते. अनुभवी माणूस ती आधी उतरवतो, मगच हात घालतो. मोठ्या कॅमेऱ्यांत शटरचंही आयुष्य असतं. मॉडेलप्रमाणे एक ते दोन लाख क्लिकचा अंदाज कंपनी देते. लग्नांची कामं करणाऱ्या फोटोग्राफरचा कॅमेरा तिथवर पोचला असेल तर शटर बदलावं लागतं, आणि त्यात फसवणूक काही नाही. खर्च मात्र आधी विचारा, आणि कॅमेऱ्याच्या आजच्या किमतीशी ताडून बघा.

दुकानात येताना बॅटरी, चार्जर आणि लेन्स सोबत आणा. नुसता कॅमेरा आणला तर निम्मी तपासणी राहून जाते. कार्ड मात्र घरीच ठेवा. त्यातले फोटो दिसेनासे झाले असले तरी लगेच फॉरमॅट करू नका आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. पुसलेल्या फोटोची नुसती नोंद जाते. वर नवं काही लिहिलं जात नाही तोवर मूळ माहिती कार्डावर पडून असते. संगणकावर फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्राम चालवला तर पुष्कळदा ती परत मिळते. सापडलेले फोटो त्याच कार्डावर परत न ठेवता संगणकावर दुसरीकडे उतरवून घ्या.

नमस्कार.