बुडापेस्टला गेलात तर खरेदी मोठ्या मंडईतच करा

हंगेरीची राजधानी बुडापेस्टमध्ये डॅन्यूब नदीवर लिबर्टी ब्रिज नावाचा हिरवा लोखंडी पूल आहे, आणि पुलाच्या पेस्टकडच्या, म्हणजे शहराच्या पूर्व भागाकडच्या टोकाला रंगीत कौलांची भलीमोठी इमारत, ती इथली मोठी मंडई. १८९७ साली सुरू झाली, शामू पेत्स या आर्किटेक्टचं डिझाइन, आणि छपरावरची चकचकीत कौलं पेच शहरातल्या झोल्नाय कारखान्याची. दुसऱ्या महायुद्धात हिचं बरंच नुकसान झालं, पण १९९० च्या दशकात नीट दुरुस्त केली.

टुरिस्ट लोक आधी वात्सी स्ट्रीटला जातात. फिरायला छान आहे तो रस्ता, पण तिथे खरेदी करू नका, खूप महाग. चालत चालत त्याच्या दुसऱ्या टोकाला या, मंडई समोरच आहे.

आत शिरल्यावर वरच्या मजल्याकडे पळू नका, आधी तळमजला बघा कारण शहरातले लोक भाजी, मटण, सलामी इथूनच घेतात. आणि इथे पाप्रिका, म्हणजे हंगेरीची लाल मिरचीची पावडर, घ्या. माझ्या मते बुडापेस्टहून दुसरं काही नाही आणलं तरी चालेल, पण ही आणाच. सेगेद आणि कलोचा ही दोन गावं हिच्यासाठी प्रसिद्ध आहेत, पाकिटावर त्यांचं नाव बघून घ्या. एदेशनेमेश म्हणजे गोडसर आणि लालभडक, आपल्या ब्याडगीसारखी रंगाला एकदम भारी, आणि झणझणीत हवी असेल तर चीपोश मागा. मिरची मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली आणि हंगेरीत तुर्कांच्या काळात आली असं मानतात, म्हणजे दोन्हीकडची स्वयंपाकघरं तिने बदलून टाकली. सेगेदमध्येच अल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी ताज्या मिरचीतून भरपूर व्हिटॅमिन सी वेगळं काढलं होतं, १९३७ चं नोबेल मिळालं त्यांना.

घरी आल्यावर एक करा, ही पावडर कडकडीत तेलात टाकू नका, लगेच करपते आणि कडू होते. हंगेरियन बायका कांदा परतून झाला की भांडं आचेवरून उतरवतात आणि मग पाप्रिका घालतात, गुलाशचा, म्हणजे त्यांच्या मटणाच्या रश्श्याचा, तो लाल रंग त्यातूनच येतो. डबा अंधारात ठेवा, उजेडाने रंग उडतो.

मंडईच्या वरच्या मजल्यावर भरतकाम, टेबलक्लॉथ, लाकडी खेळणी वगैरे मिळतं. कलोचाचं रंगीत फुलांचं भरतकाम खरंच सुंदर असतं पण मशीनवर केलेलंही खूप असतं, म्हणून कापड उलटं करून मागची बाजू बघा आणि मगच घ्या. लांगोश तिथेच खा, तळलेली जाड पोळी, वर लसूण, आंबट क्रीम आणि चीज. तळघरात लोणच्यांच्या बरण्या आहेत, तिकडेही एक चक्कर मारा.

पैसे फोरिंटमध्येच, म्हणजे हंगेरीच्या चलनातच, द्या, युरो घेतात काही जण पण रेट चांगला देत नाहीत. रविवारी मंडई सहसा बंद असते, शनिवारी दुपारीच आवरतात.

आणि जुन्या वस्तूंची आवड असेल तर शहराच्या कडेला एचेरीचा जुना बाजार आहे, जुने कॅमेरे, घड्याळं, चिनीमातीची भांडी, सगळं मिळतं. शनिवारी सकाळी लवकर जा, तेव्हा सगळ्यात जास्त विक्रेते असतात, कॅश ठेवा आणि बिनधास्त घासाघीस करा, तिथे चालते.