खाणीचा पैसा शेतापर्यंत कसा आणायचा

नमस्कार मंडळी. मागं उभ्या असलेल्या पोरांनो, पुढं येऊन बसा, जागा आहे. आणि मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून ठेवा, आज लागणार आहे. चंद्रपूर जिल्ह्यातले तर तुम्ही आहातच, पण भंडाऱ्याकडून, गडचिरोलीकडूनही काही मंडळी आलीत, त्यांचंही बोलू.

मला विषय दिलाय की खाण, शेती आणि आपल्या भागाचा विकास यासाठी सरकारी खाती वर्षभर नेमकं काय करतात. माझी नोकरी कृषी खात्यात झाली, त्यामुळं मी शेतीच्या बाजूनंच बोलणार, आणि माझं मत आत्ताच सांगतो. कोळसा असो, चुनखडी असो की लोहखनिज, जमिनीतून एकदा काढलं की परत येत नाही, पण त्याच्या बदल्यात जिल्ह्याला दरवर्षी पैसा मिळतो, आणि तो पैसा सिंचनावर, मातीवर, गुराढोरांवर लागला पाहिजे, कारण खाण बंद पडल्यावर गावाकडं उपजीविकेचं तेवढंच साधन उरणार आहे. नुसत्या रस्त्यांनी आणि सभागृहांनी ते होणार नाही. मी रस्त्याच्या विरोधात नाही, पांदण रस्ता नसला की शेतमाल बांधावरच सडतो हे मलाही माहीत आहे, पण पहिला क्रम कशाला हा प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्याची रचना बघा. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली हा धानाचा पट्टा. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना इकडं पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि सोयाबीन. आणि खाणी जास्त करून या दुसऱ्या पट्ट्यात आल्या, म्हणजे वेकोलिचा, वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीचा, कोळसा माजरी, घुग्घुस, सास्तीकडं आणि सिमेंटची चुनखडी गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीकडं. त्यामुळं काळ्या मातीतला कापूस आणि त्याच्याच शेजारी ट्रकची धूळ अशी स्थिती आहे. वेचणीच्या दिवसांत रस्त्याकडच्या तासांचा कापूस काळा पडतो, व्यापारी भाव पाडतो, शेतकरी कृषी खात्याकडं येतो, कृषी खातं म्हणतं हे खनिकर्मचं आहे, खनिकर्मवाले म्हणतात प्रदूषण मंडळाकडं जा, आणि तोपर्यंत कापूस विकून झालेला असतो. प्रत्येक खात्याचं काम कागदावर बरोबरच असतं हो, पण शेतकऱ्याचं शेत तर एकच आहे ना.

कोण काय करतं ते पटकन सांगतो. खनिकर्मसाठी राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आहे, त्याचं मुख्यालय आपल्या नागपूरला, आणि जिल्ह्यात कलेक्टर ऑफिसला जिल्हा खनिकर्म अधिकारी बसतात. शेतीसाठी राज्याचा कृषी विभाग वेगळा आणि जिल्हा परिषदेचा कृषी विभाग वेगळा. विकासकामांसाठी जिल्हा नियोजन समिती, तिचा कायदा १९९८ चा, पालकमंत्री तिचे अध्यक्ष. हे तिघं एका टेबलावर येतात अशी जागा फारच कमी, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान, ज्याला आपण सगळे डीएमएफ म्हणतो.

हे डीएमएफ आलं २०१५ साली. खाण कायद्यात दुरुस्ती झाली, कलम ९ब घातलं, आणि त्यात लिहिलं की खाणीमुळं बाधित झालेली माणसं आणि बाधित झालेला भाग यांच्या हितासाठी खाणबाधित प्रत्येक जिल्ह्यात अशी संस्था असेल. त्याच वर्षी सप्टेंबरात प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजना आली, म्हणजे हा पैसा कसा खर्च करायचा त्याचे नियम. आता पैसा येतो कुठून? खाण कंपनी सरकारला रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या खनिजाचा मोबदला, देते, आणि रॉयल्टीच्या वर वेगळी रक्कम डीएमएफला देते. १२ जानेवारी २०१५ च्या आधीची लीज असेल तर रॉयल्टीच्या ३० टक्के, त्यानंतर लिलावात गेलेली असेल तर १० टक्के.

काढा आता कॅल्क्युलेटर. सिमेंटच्या चुनखडीवर रॉयल्टी टनाला ८० रुपये. जुनी लीज असेल तर त्याचे ३० टक्के म्हणजे टनामागं २४ रुपये डीएमएफला. नवी लीज असेल तर ८ रुपये. समजा एका खाणीतून वर्षाला १ लाख टन निघाले, तर जुन्या लीजवर २४ लाख आणि नव्या लीजवर ८ लाख. खड्डा तेवढाच, धूळ तेवढीच, विहिरीचं पाणीही तेवढंच खाली जाणार, पण जिल्ह्याच्या हातात येणारा पैसा एक तृतीयांश. हा फरक मला पटत नाही आणि मी तो प्रत्येक ठिकाणी बोलून दाखवतो, कारण लिलावातला जादा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो हे खरं असलं तरी बाधित गावाला त्यातनं वेगळं काही ठरवून दिलेलं नाही. कोळशाचं गणित जरा वेगळं, तिथं रॉयल्टी किमतीच्या १४ टक्के, म्हणजे जुन्या लीजवर १०० रुपयांच्या कोळशामागं ४ रुपये २० पैसे डीएमएफला. लोहखनिजावर सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के रॉयल्टी आहे, गडचिरोलीच्या सुरजागड लोहखाणीकडच्या मंडळींनी हा आकडा लिहून घ्या, तुमच्या एटापल्लीच्या बाजूला याच हिशेबानं पैसा जमा होतो.

तुमच्या गावाजवळून वर्षात किती टन गेला हे विचारा, दर तुम्हाला आता माहीत झाला, गुणाकार करायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्या गावानं हा गुणाकार केलाय ते गाव मिटींगमध्ये वेगळ्या आवाजात बोलतं, हे मी बघितलंय.

आता खर्चाचं. २०१५ च्या नियमात असं होतं की किमान ६० टक्के पैसा प्राधान्याच्या कामांवर, म्हणजे पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, महिला-बालकल्याण, कौशल्य विकास, स्वच्छता वगैरे, आणि ४० टक्क्यांपर्यंत रस्ते-पूल, सिंचन, वीज, पाणलोट यावर. बघा, सिंचन कुठं होतं? रस्त्यांच्या रांगेत. साहजिकच रस्ता पुढं जायचा, कारण रस्त्याचं इस्टिमेट लवकर तयार होतं, ठेकेदार लवकर मिळतो, आणि मार्च एंडच्या आत बिल निघतं. बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं, खोल करायची, नाल्यावर बंधारा घालायचा तर जागा बघा, सर्व्हे करा, पाऊस येण्याआधी काम संपवा, त्यात एक हंगाम हातचा गेला की पुढच्या वर्षावर. म्हणून मी म्हणतो की इथं कुणाची नियत वाईट होती असं धरून चालू नका, कॅलेंडरच शेतीच्या कामाविरुद्ध होतं.

२०२४ च्या सुरुवातीला नियम सुधारले. प्राधान्याचा हिस्सा ७० टक्के झाला, आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे शेती आणि पशुसंवर्धन ही दोन्ही प्राधान्याच्या यादीत आली. खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग थेट बाधित धरायचा आणि २५ किलोमीटरपर्यंतचा अप्रत्यक्ष, आणि खर्चाचा मोठा भाग थेट बाधित गावांतच करायचा असंही आलं. पाच वर्षांचा आराखडा करायचा, त्याआधी बेसलाईन सर्व्हे, म्हणजे गावाची आजची स्थिती काय याची पाहणी, करायचा. आता तरी कृषी सहाय्यकानं आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांनी या सर्व्हेत बसलं पाहिजे, नाहीतर यादीत शेती हा शब्द राहील आणि त्याखाली पुन्हा काँक्रीटच निघेल.

मग शेतीत नेमकं काय मागायचं? इथं मी जरा वेळ घेणार आहे.

भंडाऱ्याकडच्या तुमसरच्या मंडळींपासून सुरू करतो. तुमच्याकडं चिखला, डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजच्या खाणी, आणि भोवती धान आणि तलाव. माजी मालगुजारी तलाव, आपले मामा तलाव, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून हजारोंनी आहेत. मालगुजारी, म्हणजे इकडची जुनी जमीनदारी, १९५० च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारकडं आले, आणि गाळ काढायचा कुणी, पाळ दुरुस्त करायची कुणी, नहर, म्हणजे कालवा, साफ करायची कुणी हे हळूहळू कुणाचंच काम राहिलं नाही. पूर्वी गावच ते करायचं. आज तलावाचं पोट गाळानं भरलंय, रोवणीला पाऊस आठ-दहा दिवस लांबला की धानाची बांधी कोरडी पडते, आणि तलाव असलेल्या गावात शेतकरी मोटारपंप शोधत फिरतो. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे, त्याला डीएमएफची जोड द्या, गाळ काढायला मशीन एका पैशातून आणि पाळ, सांडवा, नहर दुसऱ्या पैशातून. काढलेला गाळ हलक्या जमिनीत टाका, पण आधी त्याची तपासणी करून घ्या, खाणीजवळच्या तलावात काय वाहून आलंय ते डोळ्यांनी दिसत नाही.

आता पऱ्हाटीच्या पट्ट्यात मामा तलाव फारसे नाहीत, तिथं वेगळी गोष्ट आहे. कोळशाच्या खाणीत पाणी साचतं आणि ते चोवीस तास पंपानं बाहेर टाकावं लागतं, नाहीतर खाण चालत नाही. त्याच खाणीमुळं शेजारच्या विहिरी खाली गेल्यात. म्हणजे एकाच गावात विहीर कोरडी आणि नाला बारमाही, हे चित्र तुम्ही पाहिलंय. हे पाणी शेतीला वळवता येतं, काही ठिकाणी वळवलंही आहे, फक्त माझी एक अट आहे आणि ती मी कृषी खात्याचा माणूस म्हणून घालतो: आधी पाणी लॅबमध्ये द्या. क्षार किती, सल्फेट किती, ईसी, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, किती हे बघा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, निचरा कमी, त्यात खारं पाणी दोन-चार हंगाम दिलं की वर पांढरा थर येतो आणि जमीन चोपण होते. मग ती सुधारायला जिप्सम टाका, चर काढा, वर्षं जातात त्यात. म्हणून पाईपलाईनच्या इस्टिमेटमध्येच पाणी तपासणीचा खर्च धरायला लावा, दरवर्षीचा, एकदाचा नाही.

बाकी शेळीपालन, चारा, गोदाम, धान्य सफाईची यंत्रं ही मागण्यांची यादी तुमची तुम्ही कराल. बियाण्याबद्दल मात्र बोलतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, २०१८ साली गेले ते, थोड्या जमिनीवर एकेक लोंबी निवडून त्यांनी एचएमटी धान तयार केलं आणि ते देशभर पेरलं गेलं. असा माणूस याच जिल्ह्यात झाला. मग खनिजाच्या पैशातून गावोगाव बीज निवडीचं, बीज बँकेचं काम का नाही होऊ शकत? सिंदेवाहीला कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, त्यांचा हात धरा. कौशल्य विकास म्हटलं की फक्त शिलाई मशीन आणि कॉम्प्युटर क्लास एवढंच डोळ्यापुढं येतं, ते बदलायला हवं.

हे सगळं मागायचं कुठं? ग्रामसभेत. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा ठरलेल्या आहेत. जिल्ह्याचा आराखडा डिसेंबर-जानेवारीत आकार घेतो, म्हणून तुमचा ठराव १५ ऑगस्टला झाला पाहिजे, फार तर २ ऑक्टोबरला. जानेवारीत दिलेला ठराव चांगला असला तरी पुढच्या वर्षाच्या फाईलीत जातो. आणि गडचिरोलीत किंवा राजुरा, कोरपना, जिवतीकडं जी गावं अनुसूचित क्षेत्रात येतात तिथं तर ग्रामसभेची मंजुरी नियमातच लिहिलेली आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं सामूहिक वनहक्कावर बांबूचा व्यवहार स्वतः चालवून दाखवला, गडचिरोलीतल्या लेखा-मेंढ्यानं तर त्याच्या आधी. तेव्हा गावाला हिशेब जमणार नाही असं कुणी म्हटलं तर ही दोन नावं सांगायची.

आता वार्षिक अहवाल. नियम असा की आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपल्यावर तीन महिन्यांत डीएमएफनं अहवाल तयार करायचा, तो वेबसाईटवर टाकायचा, आणि विधानसभेपुढंही ठेवायचा. म्हणजे खरिपाच्या पेरणीच्या सुमारास तो यायला पाहिजे. वाचताना पहिली पानं, फोटो, उद्घाटनं हे सोडून द्या. वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक किती, वर्षात आले किती, खर्च किती, शेवटी शिल्लक किती, हे चार आकडे आधी. शिल्लक वाढतच चालली असेल तर पैसा आहे पण काम नाही. मग मंजूर कामांची यादी आणि पूर्ण कामांची यादी शेजारी ठेवा. मग आपलं गाव शोधा. आणि ऑफिसखर्च बघा, तो ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

विभागीय विकासाबद्दल थोडक्यात. दांडेकर समितीनं १९८४ साली अनुशेष, म्हणजे कुठला भाग विकासात किती मागं राहिला ते, मोजला, १९९४ ला विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी वैधानिक विकास मंडळं आली, आणि घटनेच्या ३७१(२) मध्ये लिहिलंय की त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढं यावा. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. निदान मागासलेपण दरवर्षी मोजायची एक जागा होती, ती गेली याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून डीएमएफचा अहवाल वाचणं आता जास्तच गरजेचं झालंय.

गोव्याचं एक सांगतो. तिथं लोहखनिजाच्या प्रकरणात २०१४ साली सुप्रीम कोर्टानं विक्रीच्या रकमेतले १० टक्के एका कायम निधीत टाकायला सांगितले, पुढच्या पिढ्यांसाठी. आपल्याकडंही २०२४ च्या नियमांत मोठ्या डीएमएफना वार्षिक जमेच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम राखून ठेवायची सोय आली. खाण बंद झाल्यावरच्या उपजीविकेसाठी तो पैसा आहे. तुमच्या जिल्ह्यानं तो बाजूला टाकला का, हे पण अहवालात बघा.

आणि शेवटची गोष्ट, माईन क्लोजर प्लॅन, म्हणजे खाण बंद करतानाचा आराखडा. कोळशाच्या प्रत्येक खाणीला तो करावाच लागतो, त्यासाठी कंपनीला एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी बांधून ठेवलेल्या खात्यात, पैसे भरावे लागतात. खड्डा किती भरणार, मातीचे ढीग कुठं राहणार, वरची सुपीक माती वेगळी साठवलीय का, झाडं कुठली लावणार, पाणी कुणाला मिळणार, हे सगळं त्यात असतं. ती वरची माती म्हणजे तुमच्या आजोबांच्या वेळची कसलेली जमीन आहे, ती ढिगाखाली गाडली गेली तर परत बनत नाही. या प्लॅनची कॉपी ग्रामपंचायतीत असायला हवी. नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. अर्ज कसा लिहायचा त्याचा नमुना दारापाशी टेबलावर ठेवलाय, जाताना घेऊन जा, आणि आता तुमचे प्रश्न घेऊ, आधी मागच्या रांगेतल्या ताई.