जहाज जागेवर नसतं

[दृश्य : मुलुंड पूर्व, सकाळ. सोसायटीचं फाटक, आत शिरणारा पाण्याचा टँकर.]

या सोसायटीत सगळे त्यांना कमांडर काका म्हणतात. टँकर कधी येणार, गच्चीवरच्या टाकीचा बॉल व्हॉल्व्ह कोण बदलणार, सगळं त्यांच्याकडे. नव्या भाडेकरूला कुणीतरी हमखास सांगतं, ‘काका नेव्हीत विमान चालवायचे.’ काका तिथल्या तिथे दुरुस्ती करतात, ‘चालवायचा दुसरा. कुठे जायचं ते मी सांगायचो.’

काका ऑब्झर्व्हर होते. दिशा, रडार, पाणबुडीचा माग, ही त्यांची कामं. विमान फ्रेंच बनावटीचं, अलिझे. 1961 साली ‘आयएनएस विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका नौदलात आली, त्याच वर्षी हेही आलं. तिघांचं विमान, पुढे एकच पंखा. पोटातून रडारचा घुमट खाली उतरायचा आणि पंखांवरच्या फुगीर कप्प्यांत सोनोबॉय भरलेले असायचे. सोनोबॉय समुद्रात टाकला की तो पाण्याखालचे आवाज ऐकतो आणि रेडिओवरून वर पाठवतो. त्याच डेकवर सी हॉक हे जेटही होतं. दिसायला देखणं, त्यामुळे फोटो त्याचेच. काका हे हसत हसत सांगतात, पण थोडं लागतं त्यांना अजून.

[दृश्य : जेवणाचं टेबल. पसरलेला नकाशा, चौकोनी प्रोट्रॅक्टर, डिव्हायडर, पेन्सिल.]

काकूंनी चहाचे कप बाजूला सरकवून जागा करून दिली आहे. काका पेन्सिलीला टोक काढतात. पेन्सिल काळीच हवी. रात्री कॉकपिटमध्ये लाल दिवा असतो. त्या उजेडात लाल रेघ दिसेनाशी होते.

‘आता बघा. जहाज इथे आहे. इथून आपण उडालो.’ एक ठिपका. ‘वारा कुठून, किती? समुद्राकडे बघायचं. लाटांवरचा फेस रेघारेघांनी पसरतो, त्यावरून अंदाज येतो. विमान सरळ नाकासमोर चाललंय असं वाटतं, पण वारा त्याला बाजूला ढकलत असतो. तेवढं वजा करायचं.’

इथपर्यंत समजायला सोपं आहे. खरी गंमत परत येताना. जहाज थांबून वाट बघत नाही. पंधरा नॉट, म्हणजे ताशी पंधरा सागरी मैल वेगाने तीन तास म्हणजे पंचेचाळीस सागरी मैल, साधारण 83 किलोमीटर. चर्चगेटला घर सोडून कामाला जावं आणि परत येईपर्यंत ते केळवे रोडच्या आसपास पोचलेलं असावं, तसं. शिवाय विमान उडवायला आणि उतरवून घ्यायला जहाज वाऱ्याच्या तोंडावर वळतं, म्हणजे ठरलेला मार्गही सुटतो. रेडिओवर विचारायची सोय नाही, कारण शत्रूही ऐकत असतो. मग उडण्याआधी सांगितलेला मार्ग, घड्याळ आणि ही पेन्सिल.

उतरताना मात्र ऑब्झर्व्हरच्या हाती काहीच नाही. विमानाचा हुक डेकवरच्या तारेत अडकेपर्यंत गप्प बसायचं.

1971 चा डिसेंबर, पाकिस्तानशी युद्ध. विक्रांत बंगालच्या उपसागरात. चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले, त्यामुळे वेगावर मर्यादा. त्यात वारा पडलेला. कॅटापल्टने, म्हणजे डेकवरच्या ढकलयंत्राने, विमान फेकलं तरी समोरून वारा हवाच, आणि वारा नसेल तर जहाजाने धावून तो तयार करायचा. 4 तारखेला सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. पुढे दिवसा सी हॉक आणि रात्री अलिझे, असं चाललं. पश्चिमेकडे 10 डिसेंबरला एक अलिझे समुद्रावर टेहळणी करत असताना पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाने पाडलं. तिघंही परतले नाहीत. त्या तिघांबद्दल काका एवढंच म्हणतात, ‘ओळखीचे होते.’ आम्हीही पुढे विचारलं नाही.

1980च्या दशकात विक्रांतवर सी हॅरियर या जेटसाठी स्की-जंप, म्हणजे टोकाला वर उचललेला उतार, बसवला, कॅटापल्ट गेला आणि अलिझेचं डेकवरून उडणं संपलं. 1997 मध्ये जहाजही निवृत्त झालं. काही वर्षं मुंबईतच संग्रहालय म्हणून उभं होतं. 2014 मध्ये रे रोडजवळच्या दारूखान्यात तोडायला घेतलं. इथे काकांच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून, खरं सांगायचं तर, आम्ही कॅमेरा जवळ नेला होता. काका म्हणाले, ‘लोखंड आहे ते. सांभाळायला दरवर्षी पैसा लागतो. तो कोण देणार होतं? तुम्ही?’

[दृश्य : शाळेचा वर्ग. फळ्यासमोर काका.]

4 डिसेंबरला, नौदल दिनी, जवळची एक शाळा त्यांना बोलावते. भाषण ते करतच नाहीत, थेट खडू हातात घेतात. यंदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘हिशेब करून पोचलात आणि जहाज तिथे नसलंच तर?’

‘तर आधी इंधन बघायचं. मग चौकोन काढायचा. एक बाजू छोटी, वळायचं. पुढची थोडी मोठी, पुन्हा वळायचं. असा वाढत वाढत जातो चौकोन, आणि कुठेतरी जहाज सापडतं.’

‘तुम्हाला कधी काढावा लागला?’

‘एकदा. तिसऱ्या बाजूला दिसलं जहाज. पायलट एक शब्द बोलला नाही. रात्री वॉर्डरूममध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, मात्र सगळ्यांची बिलं माझ्या नावावर लिहून ठेवली गाढवाने.’