व्यासपीठावर नाच, माईकसमोर दुसराच

मित्रहो, भारतीय इंग्रजी कथेतील आदिवासी ओळख आणि उपेक्षा या विषयाकडे मी एकाच प्रश्नाच्या वाटेने जाणार आहे. या कथांमध्ये आदिवासी माणूस तोंड उघडतो, तेव्हा समोर ऐकायला कोण बसलेले असते? जमीन जाणे, जंगल तुटणे, सावकार, ठेकेदार, पोलीस हे सगळे या कथांत आहेच, पण ते सरकारी अहवालातही सापडते. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातले अंतर नेमके किती आहे हे मात्र अहवाल मोजत नाही. ते काम कथा करते.

हांसदा सोवेंद्र शेखर हे झारखंडचे संथाळ लेखक, पेशाने डॉक्टर. ‘द आदिवासी विल नॉट डान्स’ हा त्यांचा इंग्रजी कथासंग्रह 2015 साली आला. संग्रहाला जिचे नाव दिले आहे त्या कथेचा निवेदक मंगल मुर्मू हा पाकूडकडच्या कोळसापट्ट्यातला साठीचा माणूस, मूळचा शेतकरी आणि गाणी रचून नाचाचे पथक चालवणारा. कोळशाच्या ट्रकांची धूळ शेतावर, घरावर आणि फुप्फुसांत साचत जाते. त्याच ट्रकांवरून कोळसा पळवण्याची वेळ गावातल्या लोकांवर येते. आपल्या कलेने आपल्याला काय दिले, याचा हिशेब मंगल मांडतो तेव्हा जमेच्या बाजूला विस्थापन आणि क्षयरोग एवढेच उरते. अशात त्याच्या पथकाला मोठे आमंत्रण येते. गोड्डा जिल्ह्यात वीजप्रकल्पाची पायाभरणी राष्ट्रपतींच्या हस्ते व्हायची आहे आणि पाहुण्यांसमोर नाच हवा आहे. मंगलची लेक त्याच जिल्ह्यात दिलेली आहे, आणि ज्या गावांवर हा प्रकल्प उभा राहणार त्यांत तिचेही गाव आहे. म्हणजे लेकीचे घर उठणार त्या समारंभात बापाने ढोल वाजवायचा आहे. तो व्यासपीठावर जातो आणि राष्ट्रपतींसमोर सांगून टाकतो की आम्ही यापुढे नाचणार नाही. पोलीस त्याला जमिनीवर दाबून धरतात.

लेखकाने कथेची सुरुवात या दाबून धरण्यापासून केली आहे, आणि मग सगळी कथा म्हणजे मंगलचे अखंड बोलणे आहे. मला ही रचना फार हुशारीची वाटते. समारंभात ज्याला दोन वाक्यांच्या पुढे बोलू दिले नाही, त्याला कथेने पूर्ण वेळ माईक दिला. तो रागावतो, विषयांतर करतो, मिशनऱ्यांवर घसरतो, आपल्याच लोकांना बोल लावतो. आदर्श पीडिताने बोलावे तसे तो बोलत नाही. मात्र एक पेच राहतोच. मंगलची बोली संथाळी, ती आपल्यापर्यंत पोहोचते इंग्रजीतून. त्याचे बोलणे आपल्याला वाचता येते, पण त्याच्या गावात ते किती जणांना वाचता येईल?

मराठी वाचकाला इथे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आठवल्याशिवाय राहणार नाही. आम्ही मंचावर गेलो नाही, आम्हाला बोलावलेही नाही, आणि मंचावरचे लोक आमचेच दुःख आम्हाला सांगत राहिले, हा त्या कवितेचा आशय. मंगलची गोष्ट त्याच्या एक पाऊल पुढची आहे. त्याला मंचावर बोलावले जाते, सन्मानाने बोलावले जाते, फक्त पायांसाठी. तोंडाची गरज नसते. उपेक्षा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुर्लक्ष येते. पण पाहुण्यांच्या स्वागताला, प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथावर, पर्यटन खात्याच्या भित्तिपत्रकावर आदिवासी अगदी पुढच्या रांगेत असतो. या कथांना त्या पुढच्या रांगेविषयीच काही म्हणायचे आहे.

आता ऐकणाऱ्याची दुसरी तऱ्हा. महाश्वेता देवींच्या कथा मूळ बंगाली. इंग्रजी अभ्यासक्रमांत त्या भाषांतरातून आल्या आणि इतक्या रुजल्या की त्या इंग्रजीतच लिहिल्या असाव्यात असे विद्यार्थी धरून चालतात. समीक्षक गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी 1981 मध्ये इंग्रजीत आणलेल्या ‘द्रौपदी’ या कथेतला सेनानायक हा लष्करी अधिकारी चांगला वाचलेला माणूस आहे. शत्रूला संपवायचे तर आधी त्याला समजून घेतले पाहिजे, अशी त्याची धारणा आहे. दोपदी (म्हणजेच द्रौपदी) मेझेन या नक्षलवादी चळवळीतल्या संथाळ स्त्रीविषयी कथेतल्या सर्वांत जास्त ज्ञान ज्याच्याकडे आहे, त्याच्याच हुकुमाने तिच्यावर बलात्कार होतो. सकाळी ती कपडे नाकारून त्याच्यापुढे येऊन उभी राहते, आणि त्या निःशस्त्र बाईची त्याला भीती वाटते. आदिवासींविषयी सहानुभूतीने वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना सेनानायक हे पात्र जितके अस्वस्थ करायला हवे तितके करत नाही, असे मला वर्गात शिकवताना अनेकदा जाणवले आहे. आपण सोयीने दोपदीच्या बाजूला जाऊन उभे राहतो. 2021 मध्ये दिल्ली विद्यापीठाने इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून ही कथा वगळली, तेव्हा बराच वाद झाला.

ईशान्येकडे वळले की चित्र बदलते, आणि इंग्रजीचा अर्थही बदलतो. नागालँडची राजभाषाच इंग्रजी आहे. आओ, अंगामी, सेमा, लोथा अशा भिन्न भाषा बोलणाऱ्या जमातींना ती एकमेकांशी बोलायला उपयोगी पडते. मिशनरी शाळांमधून ती आली, हे खरे, पण आता ती घरातली झाली आहे. नागा लेखिका तेमसुला आओ यांचा ‘दीज हिल्स कॉल्ड होम’ हा संग्रह 2006 चा, आणि त्यातल्या कथा नागा बंडखोरी आणि लष्करी कारवाईच्या काळातल्या. ‘द जंगल मेजर’ या कथेत देखणी खातिला आणि दिसायला अगदीच सामान्य असा पुनाबा या जोडप्याविषयी गावात सुरुवातीपासून कुजबुज असते. पुढे पुनाबा भूमिगतांमध्ये सामील होतो, आणि तो घरी आलेला असताना सैनिक गावाला वेढा घालतात. खातिला त्याला फाटके कपडे चढवायला लावते, तोंडाला राख फासते आणि सैनिकांदेखत आळशी नोकराला झापावे तसे झापून पाणी आणायला पिटाळते. वेढ्यातून तो सहज निसटतो. ज्या विजोडपणावर गाव हसले, तोच त्याचा जीव वाचवतो. शोषणाची कथा वाचायला बसलेल्या वाचकाला इथे चक्क हसू येते, आणि आओंना ते हवेच असावे.

त्याच संग्रहातल्या ‘द लास्ट साँग’मध्ये सैनिकांसमोर गाणे न थांबवणाऱ्या अपेन्योची भीषण हकिगत आहे. ती सांगते एक म्हातारी, थंडीच्या रात्री, आपल्याच गावातल्या तरुण पोरांना. ऐकणारे घरचेच आहेत. आपण बाहेरचे वाचक त्या शेकोटीच्या कडेला कान देऊन बसतो एवढेच; आपल्याला समजावून सांगण्याची घाई त्या म्हातारीला नाही.

पुन्हा हांसदांकडे येतो, कारण ऐकणाऱ्याचा प्रश्न त्यांना प्रत्यक्षातही भोवला. त्यांच्या संग्रहात एक अगदी छोटी कथा आहे: नोव्हेंबरात शेतमजुरीसाठी कुटुंबासह पश्चिम बंगालमधल्या बर्दवानकडे निघालेली तालामाई ही विशीतली संथाळ मुलगी रेल्वे स्थानकावर एका जवानाला शरीर देते आणि मोबदल्यात तिला दोन थंड ब्रेड पकोडे आणि 50 रुपये मिळतात. लेखक ना हळहळतो, ना संतापतो. कोरड्या वाक्यांत सांगून मोकळा होतो. या आणि अशा मजकुरातून संथाळ स्त्रियांची बदनामी होते, असा आक्षेप घेतला गेला, आक्षेप घेणाऱ्यांत संथाळही होते, आणि ऑगस्ट 2017 मध्ये झारखंड सरकारने पुस्तकावर बंदी घालून सरकारी सेवेतल्या लेखकाला निलंबित केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंदी उठली. आक्षेपामागची वेदना मी खोटी मानत नाही. ज्या समाजाविषयी बाहेरच्यांनी पिढ्यानपिढ्या वाटेल ते लिहिले, त्याला घरच्या माणसानेही चारचौघांत असे लिहावे हे टोचणारच. तरीही बंदीच्या बाजूने मी उभा राहू शकत नाही, कारण तालामाईला मिळालेले 50 रुपये हे बदनामीचे कारण ठरले आणि तिला नोव्हेंबरात गाव सोडायला लावणारी भूक मात्र चर्चेत आलीच नाही.

एक गोष्ट नोंदवायला हवी. इंग्रजी कथेच्या या दालनात संथाळ आहेत, नागा, खासी आणि अरुणाचलमधले आदी आहेत; पण देशातल्या सर्वांत मोठ्या दोन जमाती, भिल्ल आणि गोंड, मूळ इंग्रजीत लिहिणारे कथाकार म्हणून फारशा दिसत नाहीत. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक आदिवासी आहेत, आणि त्यांच्यातले लेखक मराठीत आणि आपापल्या बोलींत लिहीत आले आहेत. इंग्रजी शाळा कुठे आधी पोहोचली आणि कुठे अजून धड पोहोचलेली नाही, यावरून हे दालन भरले गेले आहे. म्हणून याच कथांवरून ‘भारतीय आदिवासी’ असा एक साचा काढायला निघालेल्या अभ्यासकाने नंदुरबार आणि गडचिरोलीतले लेखन आधी वाचलेले असावे, एवढी माझी अपेक्षा आहे.